पोथीच्या आधी पाठांतर: रेकॉर्डिंग नसताना ग्रंथ टिकले कसे?

(आजच्या भागाचं लेखी रूप)

इतिहासाच्या पुस्तकात आमच्या अंजनगाव सुर्जीचं नाव येतं ते 30 डिसेंबर 1803 च्या तहामुळं. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला हा करार कागदावर झाला. आज मात्र मी कागदाविना टिकलेल्या गोष्टींबद्दल बोलणार आहे.

वेदांना ‘श्रुती’ म्हणतात, म्हणजे ऐकलेलं. एकट्या ऋग्वेदात 1028 सूक्तं आहेत, दहा हजारांहून जास्त ऋचा! पुण्याच्या भांडारकर संस्थेतली त्याची सर्वांत जुनी पोथी 1464 ची. ऋग्वेद तर तीन हजार वर्षांहून जुना मानतात. मधली एवढी शतकं तो मुख्यतः तोंडपाठ राहिला.

शब्द हरवू नये, म्हणून काय करायचे?

एकच ओळ वेगवेगळ्या पद्धतीनं म्हणायचे. समजा ओळ आहे: ‘आई अंगणात तुळस लावते’.

पदपाठ: आई. अंगणात. तुळस. लावते.

क्रमपाठ: आई-अंगणात, अंगणात-तुळस, तुळस-लावते.

जटापाठ: आई-अंगणात, अंगणात-आई, आई-अंगणात… अशी वेणी घालत पुढं जायचं.

घनपाठ: आई-अंगणात, अंगणात-आई, आई-अंगणात-तुळस, तुळस-अंगणात-आई, आई-अंगणात-तुळस. मग पुढचा शब्द घेऊन पुन्हा तसंच.

आता ‘तुळस’ विसरून पाहा. जोडी लगेच तुटते, चूक तिथंच पकडली जाते. शिवाय प्रत्येक अक्षराचा आवाज खाली की वर, तेही ठरलेलं. 2003 मध्ये युनेस्कोनं या वेदपठणाला मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून गौरवलं.

पण एक गोष्ट लपवायची नाही. ही विद्या सगळ्यांसाठी नव्हती. बायकांना आणि समाजातल्या बहुतेक लोकांना तिचं दार शेकडो वर्षं बंद होतं.

म्हणूनच आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर मला महत्त्वाचं वाटतं. तिथं सुमारे 1278 मध्ये म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी लोकांकडून ऐकून ‘लीळाचरित्र’ लिहिलं, तेही मराठीत. पुढं आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग काय, ज्यांना ते पाठ होतं, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला! त्यातला एक पाठ आजही ‘हिराइसापाठ’ म्हणून ओळखला जातो. हिराइसा ही एक बाई होती.

फरक लक्षात आला का? वेदांच्या पाठांतरात एक अक्षरही बदललेलं चालत नाही. लीळाचरित्राचे मात्र एकाहून जास्त पाठ मिळतात, कारण माणसं गोष्ट आपापल्या परीनं लक्षात ठेवतात. एकात आवाज जपला, दुसऱ्यात आठवण. दोन्हीला माणूस लागला.

आता मोबाईल बाजूला ठेवा. आपली आईची ओळ घनपाठात शेवटपर्यंत म्हणून पाहा. समोर मित्राला बसवा, चूक तो पकडेल. तेव्हाही असंच चालायचं: एक म्हणणारा, एक ऐकणारा.