६४० केबीच्या खोलीत मराठी कशी मावली?

आजच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. एसटीत रेंज नसते किंवा डेटा संपलेला असतो, त्यांच्यासाठी खास.

[००:३०] आधी हिशोब

तुमच्या फोनची रॅम किती? ४ जीबी धरू. तरी आपण म्हणतो, "फोन हँग होतोय." आता १९८१ सालचा पहिला आयबीएम पीसी बघा. त्याच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये १६ केबी मेमरी होती. पुढे पैसे खर्चून ती वाढवली, तरी डॉसच्या प्रोग्रॅमला वापरता येणारी हद्द ठरलेली होती : ६४० केबी. तुमचा ४ जीबीचा फोन त्याच्या साडेसहा हजार पट मोठा आहे.

हा ६४० आकडा आला कुठून? त्या पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यासाठी २० तारा होत्या. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, म्हणजे एकूण १०,४८,५७६ पत्ते. बरोबर १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी आयबीएमने स्क्रीन, बायोस आणि जोडकार्डांसाठी राखून ठेवले. उरले ६४०. त्यातही डॉस स्वतः बसणार, उरलेल्या जागेत तुमचा प्रोग्रॅम.

पुढे रॅम स्वस्त झाली, नवे प्रोसेसर आले. पण हजारो प्रोग्रॅम याच नकाशावर लिहिलेले होते. नकाशा मोडला तर सगळेच बंद पडणार. मग काय, जुगाड!

[०२:१०] दोन जुगाड

पहिला, ओव्हरले. वर्डस्टार किंवा डीबेस थ्री प्लस अख्खा मेमरीत मावत नव्हता. म्हणून प्रोग्रॅमचे तुकडे डिस्कवर वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे. लागेल तो तुकडा आत आणायचा आणि त्याच जागेवर नंतर दुसरा बसवायचा. म्हणूनच एखादी कमांड दिली की फ्लॉपी कुरकुरायची.

दुसरा, एक्सपांडेड मेमरी. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तिचे नियम ठरवले. हे समजायला एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. समजा फलाट चारच आहेत, पण डेपोत गाड्या भरपूर. चिखलीची गाडी सुटली की त्याच फलाटावर मेहकरची लागते. प्रवाशाला फक्त फलाट दिसतो, डेपो दिसत नाही. इथेही तसंच. राखीव भागात ६४ केबीची खिडकी, तिच्यात १६ केबीचे चार फलाट. जादा कार्डावरच्या मेमरीतला हवा तो तुकडा त्या फलाटावर लावायचा. प्रोसेसरला वाटतं पत्ता तोच आहे, पण आतला माल बदललेला असतो.

[०४:००] आता आपली अडचण

इथवरची गोष्ट जगभरची. आपल्याकडे आणखी एक गोम होती.

इंग्रजी अक्षर टेक्स्ट मोडमध्ये एका बाइटमध्ये मावतं. एका बाइटचे २५६ आकडे, म्हणून २५६ आकार. सीजीए कार्डावर प्रत्येक आकाराला ८ बाइट, म्हणजे सगळी अक्षरं २ केबीत. ८० बाय २५ ची अख्खी स्क्रीन ४,००० बाइटमध्ये.

मराठीत काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरं. क्ष, त्र, स्त्य, र्‍ह... २५६ आकार कुठे पुरणार? मग अक्षरं चित्रासारखी काढायची म्हटलं, तर साध्या ६४० बाय २०० च्या काळ्या-पांढर्‍या स्क्रीनलाच १६,००० बाइट. चौपट! वर अक्षरांचे आकार त्याच ६४० केबीत ठेवायचे. मग डीबेसने बसायचं कुठे?

राज्यात १९६४ चा राजभाषा अधिनियम होता, कागदोपत्री कारभार मराठीत होता. १९८० च्या दशकात एनआयसीने जिल्ह्याजिल्ह्यात संगणक केंद्रं उभी केली, पण संगणकाची भाषा इंग्रजी. याने बिघडतं काय? आपल्या जिल्ह्याचं नाव रोमन लिपीत लिहून बघा. परक्या माणसाने ते वाचलं तर बुलढाणा की बुलधाना? ढ आणि ध एकच, ण आणि न एकच. ढोले आणि धोले यादीत एकाच स्पेलिंगने येणार. जागा वाचवायच्या नादात माणसाचं नावच बदलतं.

[०५:४०] आकार नको, अक्षर साठवा

यावर उत्तर शोधलं आयआयटी कानपूरमधल्या कामाने, आणि ते पुढे नेलं १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने. नाव : जिस्ट. कल्पना साधी होती. मेमरीत जोडाक्षराचा आकार ठेवायचाच नाही. फक्त क, हलन्त, ष असे तीन आकडे ठेवायचे. त्यांचा क्ष करून दाखवायचं काम पीसीत बसवलेल्या वेगळ्या कार्डाचं. आकार कार्डावर, मुख्य मेमरी मोकळी. डीबेसला पत्ताच नाही की आपण मराठी चालवतोय!

त्या आकड्यांची यादी म्हणजे इस्की. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता दिली. खालचे १२८ आकडे इंग्रजीला, वरच्या जागेत भारतीय लिप्या. 'बुलढाणा' लिहायला सात आकडे : ब, उकार, ल, ढ, काना, ण, काना. फक्त सात बाइट, आणि ढ चा ढच राहिला.

[०७:००] हे तुमच्या फोनमध्ये आहे

युनिकोडमधला देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलाय. खात्री करायचीय? कीबोर्डवर 'क्ष' टाइप करा आणि एकदाच बॅकस्पेस दाबा. बहुतेक फोनवर पूर्ण अक्षर जात नाही, 'क्' उरतो. कारण आत आजही तीनच आकडे आहेत.

जागेचं भांडण मात्र संपलेलं नाही. आज यूटीएफ-८ मध्ये 'बुलढाणा' २१ बाइट घेतो. एसएमएसची मर्यादा १४० बाइट. इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठीत साधारण ७०, आणि त्यात काना-मात्राही मोजतात. म्हणून पाठवणारा पैसे वाचवायला इंग्रजीत मेसेज टाकतो, आणि शेतातला माणूस तो दुसर्‍याकडून वाचून घेतो.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे "नावाच्या रकान्याला किती बाइट ठेवायचे?" हा प्रश्न किरकोळ समजला जातो. पण जागा कमी पडते तेव्हा कुणाला बाहेर ठेवायचं, हे तिथेच ठरतं. ६४० केबीतही मराठीला जागा करता आली, कारण कुणीतरी आधी आपली लिपी नीट समजून घेतली.

तुमच्यापैकी जे कोडिंग शिकताय, त्यांनी आपल्या ॲपच्या नावाच्या रकान्यात एक लांबलचक मराठी नाव टाकून बघा. कापलं जातं का, कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!