विजेची भट्टी रुसली असतां

बुलढाणा जिल्ह्यांतील आमच्या घरांना भाजण्याची कला नवी नाहीं. वऱ्हाडचे रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजतात, आणि ज्यानें ते वरणांत कुस्करून वांग्याच्या भाजीबरोबर एकदां खाल्ले आहेत, त्याला बाहेरचा खरपूसपणा व आंतला मऊपणा यांची महती सांगावयास नको. नानकटाईचें पीठ घरीं मळून बेकरीवाल्याच्या भट्टींत भाजून आणण्याची चालही जुनीच. नवें आहे तें इतकेंच कीं, ती भट्टी आतां आपल्याच ओट्यावर येऊन बसली आहे. तिला ना गोवरी लागते ना कोळसा. आणि ती रुसली म्हणजे फुंकणी घेऊन तिच्यापुढें बसतां येत नाहीं.

एकत्र कुटुंबांत वस्तु बंद पडली कीं पहिला प्रश्न निघतो, ‘शेवटचा हात कोणाचा लागला?’ आणि तो बहुधा धाकट्या सुनेचा असतो. तिनें हौसेनें केक करावयास घ्यावा, भट्टीनें मध्येंच डोळे मिटावे, आणि सासूबाईंनीं ‘आमच्या चुलीनें असा दगा कधीं दिला नाहीं हो!’ असें म्हणावें, हा प्रसंग आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिला आहे. म्हणून आरंभींच सांगतों कीं, बंद पडलेल्या भट्ट्यांपैकीं पुष्कळ बिघडलेल्या नसतातच; आणि ज्या खरोखर बिघडतात त्यांचें कारण शोधूं लागलें तर तें पुष्कळदां भिंतींतल्या तारेंत किंवा रस्त्यावरच्या खांबावर सांपडतें, सुनेच्या हातांत नव्हे.

आमच्याकडे जिला ओटीजी म्हणतात त्या लहान भट्टीला सामान्यतः तीन फिरत्या कळा असतात. एक उष्णतामान ठरविते, दुसरी वरच्या व खालच्या सळयांपैकीं कोणत्या तापावयाच्या तें ठरविते, आणि तिसरी वेळ. ही वेळेची कळ शून्यावर असेल तर बाकी सारें यथास्थित असूनही भट्टी थंडच राहते. दुसऱ्या कळेचा घोटाळा याहून फसवा: सकाळीं कोणीं पाव भाजून ती ‘वर’ या खुणेवर सोडलेली असते, दुपारीं केक ठेवावा तर वरून करपतो आणि खालीं कच्चा. आणि लाल दिवा मध्येंच विझला म्हणून घाबरूं नये. उष्णता ठरलेल्या अंशावर पोंचली कीं आंतला नियामक स्वतःच वीज तोडतो आणि भट्टी निवूं लागली कीं पुन्हां जोडतो. पुष्कळ भट्ट्यांत हें काम दोन निरनिराळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी करते. दोन्ही धातु सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत, म्हणून तापली कीं पट्टी वांकते आणि जोड सुटतो. दिवा विझणें हें तिचें काम चालू असल्याचें लक्षण आहे. उलट दिवा कधींच विझत नसेल आणि पदार्थ जळूं लागले असतील, तर मात्र तो जोड चिकटून बसला असें समजून तत्काळ प्लग काढावा.

ज्यांच्या घरीं भिंतींत बसविलेली, घड्याळाची भट्टी आहे त्यांची अडचण निराळी. वीज गेली आणि परत आली कीं घड्याळांत शून्यें लुकलुकूं लागतात, आणि अशा अनेक भट्ट्या घड्याळ लावल्याशिवाय तापतच नाहींत. घड्याळाच्या चित्राची कळ दाबून अधिक-उणेच्या कळांनीं वेळ लावली कीं काम भागतें. कांहींत ‘ए’ हें अक्षर लुकलुकतें. याचा अर्थ भट्टी ठराविक वेळेनें आपोआप चालण्याच्या स्थितींत अडकली आहे. हाताच्या किंवा पातेल्याच्या चित्राची कळ दाबून तिला पुन्हां हातचालीवर आणावें. किल्लीचें चित्र दिसत असेल तर नातवंडांपैकीं कोणींतरी मुलांसाठीं असलेलें कुलूप लावलें आहे. तीच कळ कांहीं क्षण दाबून धरली कीं तें बहुधा उघडतें. यांपैकीं कशानेंच भागलें नाहीं, तर भट्टीचा मुख्य खटका बंद करून पांच मिनिटें स्वस्थ बसावें. आंतल्या बारीक यंत्रणेंत थोडी वीज सांठून राहते. ती उतरली म्हणजे अडलेला हिशेब पुसला जातो. खटका लगेच बंद-चालू केल्यानें हा उपयोग होत नाहीं. पुन्हां चालू केल्यावर तेंच दोषाचें अक्षर किंवा आंकडा उमटला, तर तो कागदावर लिहून ठेवावा. कारागिराला तो शंभर वर्णनांपेक्षां उपयोगी पडतो.

अमेरिकेंत असलेल्या मुलाबाळांकडून ‘घड्याळ चालतें पण भट्टी तापत नाहीं’ अशी तक्रार आली, तर तिचें कारण पुष्कळदां याहून वेगळें असतें. तिकडील मोठ्या रेंजला २४० व्होल्ट मिळतात ते १२० च्या दोन तारांतून. एक तार तुटली तर दुसरीवर घड्याळ व दिवा चालतो, पण सळयांना पुरेसा दाब मिळत नाहीं. तेथें जोड-खटका पूर्ण बंद करून पुन्हां घट्ट चढवून पाहणें ही पहिली पायरी.

आतां आमच्या जिल्ह्याच्या खऱ्या दुखण्याकडे वळूं. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाची तार लाल झाली तरी हवेंत लवकर जळून जात नाहीं, हें ओळखून अल्बर्ट मार्श या अमेरिकन गृहस्थानें १९०६ सालीं तिचें पेटंट घेतलें. घरोघरच्या इस्त्र्या, टोस्टर आणि भट्ट्या यांचा वंश त्या तारेपासून चालतो. या तारेचा एक स्वभाव गृहिणींनीं अवश्य ध्यानांत ठेवावा: विजेचा दाब, म्हणजे ज्याला सर्वजण व्होल्टेज म्हणतात, तो निमा झाला तर उष्णता निमी होत नाहीं, चौथाई होते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारी भट्टी २०० व्होल्टवर सुमारें १५०० वॅट देते आणि १८० व्होल्टवर १२२५ च्या आसपास येते. म्हणजे रब्बीच्या दिवसांत शेतांवरील पंप सुरू झाले, किंवा वैशाखांत खामगांव-मलकापुराकडे घरोघर कूलर फिरूं लागले, कीं भट्टीची दोन-पंचमांश शक्ति नाहींशी होऊं शकते. पुस्तकांत पस्तीस मिनिटें लिहिलीं आहेत म्हणून पस्तीस मिनिटांनीं केक काढावा, तर वरून पांढरा आणि आंत चिकट. पीठ बांधलें जाण्यापूर्वींच बेकिंग पावडरचा वायु निघून जातो, आणि मग कोणी म्हणतें अंडें शिळें होतें, कोणी म्हणतें हात चांगला नाहीं. हात चांगलाच होता. दाब पडला होता.

शेजारच्या अकोला जिल्ह्यांत पारस येथें २५० मेगावॅटचे दोन संच असतां आमच्याच घरीं दाब कां पडावा, असें कित्येक विचारतात. शेगांवहून अकोल्यास जातांना पारसचें स्थानक लागतें, त्यामुळें प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तेथील वीज अति उच्च दाबानें राज्याच्या जाळ्यांत जाते. आपल्या स्वयंपाकघरांतील दाब ठरतो तो आपल्या गल्लींतील रोहित्रावर, म्हणजे डीपीवर, तिच्यावरील भारावर आणि तेथून घरापर्यंतच्या तारेच्या लांबी-जाडीवर. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें, २००५ सालीं त्याचे भाग होऊन वितरणाचें काम महावितरणकडे आलें; तरी हा नियम कोणाच्या कारभारानें बदलणारा नव्हे. दाब रोजच पडत असेल तर शेजारच्या चार घरांनीं मिळून लेखी तक्रार करावी. एरव्हीं भट्टी रिकामी असतांना अधिक वेळ तापवावी, दार वारंवार उघडूं नये, आणि आंत ठेवावयाचा लहानसा उष्णतामापक विकत घ्यावा. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर मात्र भट्टीला जोडूं नये. तो तिचा भार सोसूं शकत नाहीं.

दाब पडल्यानें केक बिघडतो; दाब चढला तर घर बिघडतें. खांबावरील न्यूट्रल तार तुटली असतां २३० च्या ठिकाणीं घरांतील दाब ४०० च्या दिशेनें चढूं शकतो. दिवे एकाएकीं डोळे दिपविण्याइतके प्रखर झाले, पंखा भरधांव सुटला, तर विचार करीत बसूं नये. मुख्य खटका पाडावा. घड्याळाच्या भट्टीचें नाजूक अंग अशाच क्षणीं जळतें. वीज येऊन स्थिर होईपर्यंत चार-पांच मिनिटें तिचा खटका बंद ठेवण्याची संवय सर्वांनींच लावून घ्यावी.

पावसाळ्यांत आणखी एक प्रकार घडतो. सळईच्या आंत तारेभोंवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ही पूड ओल शोषते. श्रावणांत महिनाभर भट्टी न वापरतां गौरी-गणपतींच्या फराळासाठीं लावली कीं थोडी वीज सळईच्या बाहेरच्या धातूंत झिरपते आणि घरांतील आरसीसीबी, ज्याला जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात, तो तडक पडतो. तो न पडल्यास भट्टी मंद उष्णतेवर अर्धा तास रिकामी चालवावी, ओल निघून जाते. पुनःपुन्हां पडत असेल तर वायरमनला बोलवावें. तीस मिलिअँपिअर झिरपतांच पडणें हेंच त्या खटक्याचें कर्तव्य आहे. ‘हा फार त्रास देतो’ म्हणून त्याला बाजूला सारून तार थेट जोडून देणारे कारागीर आम्हांस ठाऊक आहेत. अशा माणसाला चहा देऊन परत पाठवावें, काम देऊं नये.

याहून भयंकर गोष्ट आम्हीं आमच्याच आळींतील एका घरीं पाहिली. घरांत अर्थिंग नव्हतें. तेव्हां कारागिरानें सॉकेटच्या आंतच अर्थचें टोक न्यूट्रलला जोडून दिलें होतें. दिवसानुदिवस सारें सुरळीत चालतें. पण ती न्यूट्रल कोठेंही तुटली कीं भट्टीचें लोखंडी अंग जिवंत होतें, आणि ओल्या हातानें, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तिला हात लावणारी घरांतली स्त्रीच असते. त्या घरच्या थोरल्या सूनबाई ‘हिला हात लावला कीं मुंग्या येतात’ असें कित्येक दिवस सांगत होत्या आणि घरांतील कर्ते पुरुष हंसत होते. मुंग्या येणें ही थट्टेची गोष्ट नाहीं. त्या दिवशींच प्लग काढावा.

अर्थिंगचा मातीशीं थेट संबंध आहे. आमची काळी माती पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते, पण चैत्र-वैशाखांत भेगा पडून पुरलेल्या पट्टीपासून सुटते, आणि वीज जमिनींत जाण्याची वाट अरुंद होते. म्हणून उन्हाळ्यांत आठवड्यांतून दोनदां त्या खड्ड्यांत बादलीभर पाणी ओतावें. कपडे धुतलेलें उरलेलें पाणीही चालेल. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत मातीचा खार विजेला वाट चांगली देतो, पण लोखंड खातो; तेथें पट्टी व तिचे जोड दर दोन-तीन वर्षांनीं उघडून पाहावे. घाटावर, चिखली-मेहकराकडे, पुष्कळ ठिकाणीं थोड्याच खोलीवर मुरूम व खडक लागतो. तेथें एका खड्ड्यानें भागत नसेल तर दुसरा करावा. परवानाधारक वायरमनकडून यंत्रानें मोजून घेतल्याखेरीज ‘अर्थिंग आहे’ या शब्दावर विसंबूं नये.

सॉकेटविषयीं थोडक्यांत: २००० वॅटची भट्टी जवळजवळ नऊ अँपिअर घेते. तिला सोळा अँपिअरचें जाड सॉकेटच हवें, मोबाइलच्या सहा अँपिअरच्या सॉकेटांत अडॅप्टर घालून ती लावूं नये. प्लगच्या पिना तपकिरी पडल्या असतील किंवा वास येत असेल, तर भट्टी नव्हे, सॉकेट बदलावें.

कांहीं भट्ट्यांच्या पाठीमागें लहानसें बटण असतें. भट्टी अति तापली कीं तें उसळून वीज तोडतें. प्लग काढून, भट्टी पूर्ण निवल्यावर तें एकदां आंत दाबावें. पुन्हां उसळलें तर दाबत राहूं नये. दुसऱ्या प्रकारच्या भट्ट्यांत त्या जागीं एकदांच वितळणारा फ्यूज असतो. तो गेला म्हणजे भट्टी मेल्यासारखी दिसते, आणि एखादा उतावळा कारागीर तेथें तारेचा तुकडा गुंडाळून ती ‘जिवंत’ करून देतो. तसें करूं देऊं नये. तो फ्यूज कां गेला हें त्यानें आधीं सांगावें, नवा त्याच अंशाचा घालावा, आणि जुना काढलेला भाग आपल्या हातीं द्यावा. पैसे त्यानंतर.