कोलंबोच्या गाडीला पोचा हवाच!

टेबलावर राखाडी रंगाची एक छोटी मोटार उभी आहे. लांबी जेमतेम साडेअठरा सेंटीमीटर. शाळकरी फूटपट्टीच्या दोन तृतीयांशही नाही. रंगाचे चार हात देऊन झाले आहेत, दिव्यांच्या काचा बसल्या आहेत, पुढच्या जाळीवर चंदेरी कागद चढला आहे. कोणीही म्हणेल, काम झालं. पण बनवणारा मात्र एक बारीक सुई उचलतो आणि दारावर सरळ ओरखडा ओढतो. मग खडूची भुकटी घेऊन ती चाकांवर आणि मडगार्डच्या कडांना चोळतो. घरातली माणसं हळहळतात. तीन आठवडे राबून इतकी देखणी केलेली गाडी, आणि तिची स्वतःच्या हाताने अशी दशा करायची?

करायलाच हवी. कारण ही गाडी लेफ्टनंट कोलंबोची आहे. तिच्यावर पोचे, ओरखडे आणि धूळ नसेल, तर ती कोलंबोची नाहीच.

आपल्याकडे १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘करमचंद’ आला आणि गुप्तहेर म्हटलं की पंकज कपूरच्या हातातलं गाजर डोळ्यांसमोर येऊ लागलं. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या टीव्हीवरच्या गुप्तहेरांना बहुधा गाजराच्या जागी गाडी असे. नायक दारातून आत येण्याआधी त्याची गाडी वळणावरून येई आणि प्रेक्षक सरसावून बसे. त्या गाड्यांची लहान मॉडेल्स घरी बसून घडवणं हा तिकडचा एक जुना छंद आहे. दिसायला पोरखेळ, पण त्यात पडलेल्या माणसाला तहानभूक विसरायला लावणारा.

गाडी नव्हे, पात्र

कोलंबोची गाडी म्हणजे १९५९ ची फ्रेंच प्यूजो ४०३, उघड्या टपाची. मालिका १९७१ मध्ये नियमित सुरू झाली, तेव्हा नायकाची भूमिका करणाऱ्या पीटर फाल्कने युनिव्हर्सल स्टुडिओच्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात पडलेली ही रंग उडालेली गाडी स्वतः निवडली. चुरगळलेला रेनकोट घालणारा, गबाळा वाटणारा, पण कोट्यधीश खुन्यांना बोलता बोलता अडकवणारा हा पोलीस अधिकारी. त्याला दुसरी गाडी शोभलीच नसती. गंमत अशी की उघड्या टपाच्या ४०३ मुळात चैनीच्या गाड्या होत्या आणि जेमतेम दोन हजार निघाल्या होत्या. पण प्रेक्षकांच्या लेखी ते खटारंच.

‘स्टार्स्की अँड हच’ (१९७५ ते १९७९) या मालिकेत नेमकं उलट. दोन साध्या वेशातले पोलीस, आणि गाडी मात्र लालभडक फोर्ड ग्रॅन टोरिनो, टपावरून खाली येऊन दोन्ही अंगांना पुढपर्यंत निमुळता होत गेलेला पांढरा पट्टा. गुन्हेगाराच्या मागावर लपूनछपून जायला याहून वाईट गाडी सापडणार नाही! स्टार्स्की झालेल्या पॉल मायकेल ग्लेझरला ती मुळीच आवडत नसे; तिचं ‘पट्टेरी टोमॅटो’ हे नाव त्याच्यावरूनच पडलं. लोकांनी मात्र ती डोक्यावर घेतली. खुद्द फोर्ड कंपनीने १९७६ मध्ये तशाच पट्ट्याच्या हजारावर गाड्या विक्रीला काढल्या.

‘मॅग्नम पी. आय.’ (१९८० ते १९८८) मधली फेरारी ३०८ हवाई बेटांच्या रस्त्यांवर धावे. टॉम सेलेक सहा फूट चार इंच उंच. तो त्या बुटक्या गाडीत नीट मावावा म्हणून बैठकीतली गादी कमी करून ती मागे सरकवावी लागली. मॉडेल करणारा अगदी तेच करतो: संचातली सीट घासून खाली बसवतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळणारही नाही. त्याला मात्र ते ठाऊक असतं, आणि तेवढं त्याला पुरतं.

आधी पुरावा, मग गोंद

या छंदातलं पहिलं हत्यार ब्लेड नाही, टीव्हीचा पडदा आहे. गाडी चौकात वळते, दोन सेकंद दिसते, जाते. त्या दोन सेकंदांत आरसा एका बाजूला होता की दोन्ही बाजूंना? चाकाच्या टोप्या चंदेरी होत्या की रंगवलेल्या? व्हिडिओ कॅसेटच्या काळात चित्र थांबवलं की पडद्यावर आडव्या रेघा नाचत आणि नेमका हवा तो भाग त्यांच्याखाली जाई. पुढे डीव्हीडी आल्या आणि चित्र स्वच्छ थांबू लागलं. पण त्यातून नवेच घोळ बाहेर आले.

कारण पडद्यावर एक दिसणारी गाडी प्रत्यक्षात क्वचितच एक असते. पाठलागासाठी एक, जवळून चित्रण करायला दुसरी, आपटायला तिसरी. वर्षं सरली की नवं मॉडेल येतं. मॅग्नमच्या फेरारीचंच पाहा. सुरुवातीच्या गाड्यांच्या नाकावर हवेच्या फटी नाहीत. नंतरच्या, दर सिलिंडरला चार झडपा असलेल्या गाडीवर त्या आहेत. तेव्हा ‘मॅग्नमची गाडी करतो’ एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या वर्षातली, हे आधी ठरवावं लागतं.

‘रॉकफर्ड फाइल्स’ (१९७४ ते १९८०) मधली सोनेरी-तपकिरी पाँटियाक फायरबर्ड याहून अवघड. दर हंगामात नव्या सालाची गाडी येई. पण १९७९ च्या गाडीचं नाक जेम्स गार्नरला पसंत पडलं नाही, म्हणून तो १९७८ च्याच गाडीवर थांबला. शिवाय पडद्यावर ती फायरबर्डची साधी ‘एस्प्री’ आवृत्ती म्हणून वावरे, आणि बाजारातले संच बहुतेक तिच्या भपकेबाज बहिणीचे, ट्रान्स अॅमचे. म्हणजे बॉनेटवरचा हवेचा उंचवटा कापा, मागचा पंख काढा, भोकं लुकणाने भरा, घासा. विकत घेतलेल्या वस्तूतली शोभा काढून टाकायला इतके कष्ट दुसऱ्या कुठल्या छंदात पडत असतील?

पांढरा आधी, लाल नंतर

संचाच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या फ्रेमना चिकटलेले शंभराच्या आसपास सुटे भाग असतात. अमेरिकन संच बहुधा एकास पंचवीस या प्रमाणाचे. १९५० च्या दशकात मोटार कंपन्या आपल्या विक्रेत्यांना नव्या गाडीचे प्लॅस्टिकचे नमुने देत, ते या मापाचे असत. तेच माप पुढे घरी जोडायच्या संचांत उतरलं. एकास चोवीस हे प्रमाण फुटाला अर्धा इंच या सोप्या हिशेबातून आलं. आणि काचेच्या कपाटात मांडायच्या धातूच्या छोट्या गाड्या एकास त्रेचाळीस असतात, कारण तो आकार खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मापाशी जुळतो. रेव्हेल कंपनीने स्टार्स्कीच्या टोरिनोचा संच एकास पंचवीसमध्ये काढला होता. खरी गाडी सुमारे पाच मीटर चाळीस सेंटीमीटर, तेव्हा मॉडेल साडेएकवीस सेंटीमीटरच्या आसपास.

आता तो पांढरा पट्टा. नवखा माणूस आधी सगळी गाडी लाल रंगवतो आणि वरून पांढरा मारतो. फसतो. लाल रंग पांढऱ्यातून डोकावतो आणि पट्टा गुलाबी दिसू लागतो. मग दुसरा हात, तिसरा हात, आणि कडेला रंगाचा बांध तयार होतो. जाणता माणूस उलट जातो. आधी पांढरा, तो पुरता वाळू द्यायचा, पट्ट्याच्या आकाराची चिकटपट्टी कापून लावायची आणि मग लाल. चिकटपट्टीच्या कडेवरून आधी पांढऱ्याचाच एक पातळ फवारा मारला, तर लाल रंग फटीतून आत शिरत नाही. आणि पट्टी काढायचा तो क्षण! श्वास रोखून, कोनात, हळूहळू. कड साफ निघाली तर घरभर दाखवत फिरावं. फाटली तर सगळा रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून. संचाचं प्लॅस्टिकच लाल असेल तर आणखी सावधगिरी, कारण त्याचा रंग पांढऱ्यात पाझरतो. आधी प्रायमरचा पक्का थर हवा.

रॉकफर्डच्या सोनेरी रंगाची अडचण वेगळी. खऱ्या मोटारीच्या रंगातली धातूची चमकी पंचवीस पट लहान गाडीवर वाळूच्या खड्यांएवढी दिसते. चमकी अतिशय बारीक असलेला रंग शोधावा लागतो.

इंग्लंडच्या इन्स्पेक्टर मॉर्सची (१९८७ ते २०००) गर्द लाल जॅग्वार मार्क टू तर टपामुळे ओळखू येते. त्यावर काळं, कातड्यासारखं व्हिनाइलचं आवरण आहे. जपानच्या तामिया कंपनीने या गाडीचा संच एकास चोवीसमध्ये काढला, पण टप गुळगुळीत. मग पातळ टिश्यू कागद किंवा कागदी चिकटपट्टी टपावर बसवायची आणि वरून चमक नसलेला काळा रंग द्यायचा. कागदाचा पोत कातड्याचं सोंग छान वठवतो. कॉलिन डेक्स्टरच्या मूळ कादंबऱ्यांत मॉर्स लान्चिया चालवत असे. मालिकेतली जॅग्वार इतकी रुजली की लेखकाने नंतर पुस्तकांतली गाडीच बदलली!

नकलेची नक्कल

खरेपणाचा सगळ्यांत मोठा पेच ‘मायामी व्हाइस’ने (१९८४ ते १९८९) घातला. त्यातली काळी फेरारी डेटोना खरी नव्हतीच. अमेरिकन कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर फेरारीसारखं अंग चढवलेली ती नकली गाडी होती. फेरारी कंपनीने हरकत घेतली. अखेर १९८६ मध्ये मालिकेतच ती गाडी क्षेपणास्त्राने उडवण्यात आली. तिच्या जागी खऱ्या टेस्टारोसा आल्या. त्या काळ्या होत्या, पण रात्रीच्या चित्रणात उठून दिसाव्यात म्हणून पांढऱ्या रंगवल्या गेल्या.

मोनोग्राम कंपनीचा डेटोनाचा संच हाती घेणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. फेरारीच्या कारखान्यातून निघाली तशी डेटोना करायची, की पडद्यावरची तोतया? पहिली जास्त सुंदर, दुसरी जास्त खरी. मोटारींचा शौकीन पहिली निवडेल. मालिकेचा शौकीन मात्र नकली गाडीतल्या उणिवा शोधून शोधून मॉडेलमध्ये उतरवतो, आणि त्याचंच बरोबर आहे. शुक्रवारची रात्र ज्या गाडीने रंगवली, ती तीच होती.

असल्या हट्टाला एक कारणही आहे. पडद्यावरच्या कितीतरी गाड्या चित्रीकरणातच चेपल्या, नाहीतर मालिका संपल्यावर विकल्या गेल्या. मॉर्सच्या जॅग्वारसारखं नशीब थोड्यांचं. पुढे तिची पूर्ण डागडुजी झाली आणि २००५ मध्ये ती एक लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. ज्यांना लाख पौंड जमत नाहीत, त्यांच्या कपाटात साडेअठरा सेंटीमीटर पुरतात.

खिडकी उघडी ठेवा

घरात कुणी हा उद्योग करत असेल, तर काही गोष्टी पाहायलाच हव्यात. प्लॅस्टिकचा गोंद भाग नुसते चिकटवत नाही. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्याची आणि थिनरची वाफ डोक्यात जाते. तेव्हा खिडकी उघडी, पंखा चालू, आणि स्वयंपाकाचा गॅस जवळ नको. ब्लेड मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. झटपट चिकटणारा गोंद काचेच्या भागांना वर्ज्य. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुक्यासारखं पांढरं होतं. तिथे मुलांच्या दप्तरातला साधा पांढरा गोंद उत्तम. वाळला की दिसत नाही. रंगवण्याआधी सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुवावेत, नाहीतर साच्याच्या तेलकटपणावर रंग धरत नाही. शेवटची झिलई द्यायला टूथपेस्टही चालते. मात्र मऊ फडक्याने आणि हलक्या हाताने.

कोलंबोच्या गाडीला ही झिलई नकोच. तिचं काम झिलई संपते तिथून सुरू होतं. तेही पोटात गोळा आणणारं, कारण रंग चुकला तर उतरवता येतो, पण खोल गेलेला ओरखडा परत घेता येत नाही. शिवाय खोटा पोचा लगेच ओळखू येतो. गाडी जिथे घासेल तिथेच रंग उडायला हवा: दाराच्या कडेला, बंपरजवळ, मुठीखाली. धूळ खालून वर विरळ होत जायला हवी. म्हणून पातळ केलेला तपकिरी रंग फटींत सोडायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि पुन्हा पडद्याकडे पाहायचं. मूळ ४०३ घरगुती गाडी चार दारांची, उघड्या टपाची दोन दारांची. घरगुती गाडीवरून मॉडेल घडवणाऱ्याने मागची दारं लुकणाने बुजवून पुढची लांब केलेली असतात. एवढं सगळं करून वर धूळ!

नंबराची पाटी लागते: ०४४ एपीडी. आता एकच काम उरलेलं असतं. कोलंबोचा कुत्रा. लांब कानांचा, आळशी बॅसेट हाउंड, ज्याला मालकाने ‘डॉग’पलीकडे कधी नाव दिलं नाही. या मापात त्याची उंची दीड सेंटीमीटर. लुकणाची गोळी दोन बोटांत वळायची, काडेपेटीच्या काडीने आधी कान काढायचे आणि मग त्याला कोलंबोच्या शेजारच्या सीटवर बसवायचं, तोंड खिडकीकडे करून.