चाकणचा किल्लेदार आणि आजचा मतदार

आज कारखान्यांनी गजबजलेल्या चाकणला १६६० साली एका लहानशा भुईकोटाने शायिस्तेखानाच्या अफाट फौजेस सुमारे दोन महिने रोखून धरले. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांस किल्ला सोडावा लागला; परंतु खानाने देऊ केलेली मोगली चाकरी त्यांनी नाकारली. किल्ला गेला, इमान राहिले. आणि अशा इमानावरच पुढे स्वराज्य उभे राहिले. लोकशाहीत प्रत्येक मतदार हा असाच एक किल्लेदार होय. त्याच्या मतावर सुरुंग लागतो तो पैशाचा व मेहेरबानीचा. १९५० साली अमलात आलेली राज्यघटना मताचा हक्क देते. लाच नाकारण्याचे बळ मात्र नागरिकाने स्वतःच्या शीलातूनच आणावयाचे असते. फिरंगोजींच्या नकारामागेही कोणत्या कायद्याची सक्ती नव्हती.