‘ऑपेरा हाऊस’ लूट आणि तिची चित्रपटीय रूपांतरे : एक अभ्यास

प्रस्तावना :
सत्य घटनेचे चित्रपटात रूपांतर होताना घटनेतील काही अंश स्वीकारला जातो, काही वगळला जातो व काही नव्याने निर्माण केला जातो. ही निवड कोणत्या दृष्टीने होते हे तपासल्यास त्या कलाकृतीची सामाजिक भूमिका स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात मुंबईतील १९८७ च्या ‘ऑपेरा हाऊस’ लुटीच्या संदर्भात ‘स्पेशल २६’ (२०१३) व ‘ताना सेर्न्द कूट्टम’ (२०१८) या दोन चित्रपटांचा विचार केला आहे.

मूळ घटना :
१७ मार्च १९८७ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गुप्तवार्ता व सुरक्षा अधिकाऱ्यांच्या पदांसाठी पदवीधर हवे असल्याची जाहिरात प्रसिद्ध झाली. स्वतःला मोनसिंग म्हणवणाऱ्या इसमाने ताज हॉटेलात उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या व २६ जणांची निवड केली. १९ मार्च रोजी ‘सराव छापा’ म्हणून त्यांना बसने ऑपेरा हाऊस येथील त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेण्यात आले. आपण सीबीआयचे अधिकारी असल्याचे सांगून मोनसिंगने झडतीचे वॉरंट दाखवले. दागिने ‘नमुने’ म्हणून पिशव्यांत भरून मोहोरबंद केले गेले. त्यानंतर उमेदवारांना दुकानावर लक्ष ठेवण्यास सांगून तो पिशव्यांसह निघून गेला. सुमारे तीस लाखांहून अधिक किमतीचा ऐवज गेला. मोनसिंग पुढे कधीच सापडला नाही.

शस्त्राचा वापर न होता ही लूट घडली, याचे कारण तत्कालीन परिस्थितीत आहे. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा तेव्हा अमलात होता. तो १९९० मध्ये रद्द झाला. सराफ व्यावसायिकांना सोन्याच्या नोंदी ठेवाव्या लागत व तपासणीची टांगती तलवार कायम असे. त्यामुळे छापा ही अविश्वसनीय बाब नव्हती. दुसरीकडे, १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या मुंबईत सरकारी नोकरीचे आकर्षण मोठे होते. अर्थात, पेढीच्या मनातील सरकारची भीती आणि पदवीधरांच्या मनातील सरकारी नोकरीची आशा या दोहोंवर ही योजना उभी होती.

दोन रूपांतरे :
नीरज पांडे दिग्दर्शित ‘स्पेशल २६’ मध्ये एकट्या मोनसिंगच्या जागी अजय (अक्षय कुमार) व शर्मा (अनुपम खेर) यांची टोळी येते आणि तिच्या मागावर वसीम खान (मनोज वाजपेयी) हा सीबीआय अधिकारी असतो. मूळ घटनेत असा पाठलाग नव्हता. तो कथेतील ताण वाढवण्यासाठी आला आहे. जाहिरात, मुलाखती व बस हे तपशील कायम राहतात. परंतु ज्यांच्या संख्येवरून चित्रपटाचे शीर्षक ठरले, ते २६ जण अंतिम छाप्यात तपास यंत्रणेचे लक्ष गुंतवून ठेवण्याचे साधन ठरतात. प्रेक्षकाची सहानुभूती टोळीच्या चातुर्याकडे वळते.

विघ्नेश शिवन दिग्दर्शित तमिळ रूपांतरात सूर्या हा नायक आहे. येथे बेरोजगारी कथेच्या केंद्रस्थानी येते. सीबीआयमध्ये जाण्याची नायकाची इच्छा भ्रष्ट अधिकाऱ्यामुळे अपुरी राहते. लाच देता न आल्याने नोकरीस मुकलेला त्याचा मित्र आत्महत्या करतो. त्यामुळे लुटीला सूडाचे व न्यायाचे अधिष्ठान मिळते. मात्र या बदलाने एक विरोधाभास निर्माण होतो : वास्तवात जो बेरोजगारांना फसवणारा होता, तो पडद्यावर त्यांचा कैवारी बनतो.

निष्कर्ष :
दोन्ही चित्रपटांत सूत्रधाराला भूतकाळ, प्रेम व हेतू दिलेला आहे. मूळ घटनेत ज्याच्याविषयी सर्वांत कमी माहिती आहे, त्याच्याविषयीच सर्वाधिक कल्पना केली गेली. उलट, मुलाखतीत निवड झाल्याच्या आनंदात बसमध्ये बसलेला आणि सायंकाळी पोलिसांच्या प्रश्नांना सामोरा गेलेला पदवीधर दोन्ही ठिकाणी दुय्यमच राहतो. घटनेची ही बाजू अद्याप पडद्यावर यावयाची आहे.

ठाकुर्ली-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांची मुले आपल्या महाविद्यालयांत शिकतात. बनावट नेमणूकपत्रे आणि खोट्या भरतीच्या जाहिराती आजही आढळतात. फक्त त्या वर्तमानपत्राऐवजी भ्रमणध्वनीवर येतात. म्हणून हे चित्रपट वर्गात अभ्यासताना ‘चोर कसा निसटला’ या प्रश्नाबरोबरच ‘त्या २६ जणांनी विश्वास का ठेवला’ हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक ठरते. रूपांतराच्या अभ्यासाचे मोल पडद्यावर जे आले त्याच्याइतकेच, जे गाळले गेले ते ओळखण्यातही आहे.