मळणीची धूळ आणि छातीची राखण

समुद्रपूर तालुक्यांत सोयाबीन निघालें कीं शिवारांत थ्रेशरचा आवाज सुरू होतो. पुढें तूर आणि चणा येतो. धान्याची रास एकीकडे पडते, कुटाराचा ढीग दुसरीकडे. तिसरा वांटा धुळीचा. तो यंत्राच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या छातींत जातो, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तो हिशेब आज आम्ही आमच्या कृषक बंधूंपुढें मांडूं इच्छितों.

मनुष्य दिवसाकाठीं सुमारें १०,००० लिटर हवा आंत घेतो. कष्टाच्या कामांत त्याहून अधिक. या वाटेवर निसर्गानें तीन चौक्या बसविल्या आहेत. पहिली नाकाची. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून मोठे कण बहुधा येथेंच अडतात. जो तोंडानें श्वास घेतो, तो ही चौकी स्वतःच उठवितो. दुसरी श्वासनलिकांची. त्यांच्या अस्तरावरील सूक्ष्म केस सेकंदास दहा-बारा वेळां हलून धूळ लागलेला चिकट थर घशाकडे लोटीत असतात. मळणीनंतर मळकट बेडका पडतो, तो याच कामाचा पुरावा होय. तिसरी चौकी वायुकोशांची. तेथें केस नाहींत. फिरत्या भक्षक पेशी बारीक कणांस गिळून टाकतात.

मग रोग कां होतो? विडीच्या धुरानें दुसऱ्या चौकीचे केस लुळे पडतात. पऱ्हाटी जाळल्याच्या धुरांतील अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांत पोंचतात. बुरशीची गोष्ट याहून विचित्र आहे. दमट गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा विकार इंग्लंडांत १९३२ सालीं कॅम्पबेल नांवाच्या डॉक्टरानें वर्णिला. त्यांत शरीराचे राखणदारच भडकून उठतात. कांहीं तासांनीं थंडी, ताप, खोकला व धाप लागते, आणि हें वारंवार घडल्यास फुप्फुसांस कायमचे वण पडतात. कापसाच्या धुळीचेंही तसेंच. जिनिंग व सूतगिरण्यांतील कित्येक कामगारांची छाती साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीं अधिक आवळते, असें वैद्यकांत नमूद आहे.

उपाय खर्चाचे नाहींत. थ्रेशर लावतांना माणसें वाऱ्याच्या वरच्या अंगास उभीं करावीं. कुटार नीट वाळल्याशिवाय गंजी रचूं नये. दुपट्ट्याच्या घडीनें जाड धूळ अडते, बारीक नव्हे; त्यासाठीं चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा हवा. मात्र फवारणीच्या विषारी वाफेस तोही अडवीत नाहीं. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर प्राणांस मुकले, हें आपण विसरूं नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास ‘धुळीचाच आहे’ असें म्हणून घरीं बसूं नये. तो क्षयही असूं शकतो. ग्रामीण रुग्णालयांत किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत तपासणी करवावी.

आणखी एक विनंती. यंत्राच्या तोंडाशीं बहुधा मजूरच उभा असतो. रास मालकाची आणि धूळ मजुराची, अशी वांटणी न्यायाची नव्हे. मजुरीबरोबर मुखपट्टाही मालकानेंच द्यावा, आणि तासा-दोन तासांनीं माणूस बदलावा. येत्या हंगामांत एवढें प्रत्येक खळ्यावर व्हावें, अशी आमची अपेक्षा आहे.