झोपडीपासून कमळापर्यंत

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ आता नकाशावर नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला आणि २००९ पासून आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गचे मतदार झालो. पण आमच्याकडे साठी ओलांडलेला कोणीही माणूस बोलायला लागला, की अजून ‘आमचा राजापूर’ असेच म्हणतो. लांजा, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी : खाड्या, सडे, आंबा-काजूच्या बागा आणि मुंबईकडे डोळे लावून बसलेली घरे यांचा तो मतदारसंघ. १९५७ ते २००४ या काळात तिथे लोकसभेच्या तेरा निवडणुका झाल्या आणि त्यातली फक्त एक काँग्रेसने जिंकली. ज्या महाराष्ट्रात काँग्रेसने दगड उभा केला तरी तो निवडून येतो असे म्हणत, त्याच महाराष्ट्रातली ही गोष्ट आहे.

याचे श्रेय आम्ही कोकणी माणसे स्वतःकडे मोठ्या हौसेने घेतो. आमचा मतदार सुजाण, आम्हाला माणसाची पारख, आम्ही विद्वानांना दिल्लीला पाठवतो वगैरे. त्यात तथ्य नाही असे नाही. बॅरिस्टर नाथ पै, प्राध्यापक मधु दंडवते, चार्टर्ड अकाउंटंट सुरेश प्रभू अशी नावे ओळीने लावली तर कोणालाही हेवा वाटेल. पण मला ही अर्धीच गोष्ट वाटते. उरलेली अर्धी गोष्ट पोस्टमनच्या पिशवीत होती.

आधी नाथ पैंविषयी. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेला, बेळगावात शिकलेला, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला हा तरुण १९५७ साली प्रजा समाजवादी पक्षातर्फे उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते आणि काँग्रेसविषयीचा राग घराघरात होता. त्या वाऱ्यात अनेक जण निवडून आले. शेजारच्या रत्नागिरीतून तर जनसंघाचे प्रेमजीभाई आशर लोकसभेत गेले. पण १९६२ साली वारे पडले, रत्नागिरीची जागा काँग्रेसच्या शारदा मुखर्जींकडे गेली, आणि राजापूर मात्र नाथ पैंकडेच राहिले. १९६७ सालीही राहिले. म्हणजे पहिला विजय चळवळीचा म्हटला, तरी पुढचे दोन त्यांचे स्वतःचे होते.

ती १९६७ ची निवडणूक मला अंधुक आठवते. बैलजोडी आणि झोपडी या दोन चित्रांनी रंगवलेल्या भिंती, आणि शाळेला मिळालेली सुट्टी. वडील परळला गिरणीत होते; त्यांचे मत मुंबईच्या यादीत. आमच्या घरातून मतदानाला गेल्या त्या आजी आणि काकी. वाडीतल्या बहुतेक घरांतून असेच. निवडणुका तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये होत. त्या दिवसांत चाकरमानी गावात नसतो. तो शिमग्याला नाहीतर मे महिन्यात आंबे-फणसाला येतो, नाहीतर मग गणपतीला. तेव्हा मत देणारे गाव हे बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे गाव होते. (आजही जनगणनेत ते दिसते. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६.) मत कोणाला दिले, असे मी काकीला एकदा विचारले होते. ‘तां काय सांगूचा आसता?’ एवढेच म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आता पोस्टमनच्या पिशवीबद्दल. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची ताकद होती ती उसाच्या जोरावर. कारखाना, सोसायटी, जिल्हा बँक, दूध संघ ही साखळी शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचलेली. मत इकडचे तिकडे केले तर ऊस वेळेवर तोडला जाईल का, कर्ज मिळेल का, याची धास्ती. आमच्याकडे ऊस नाही, जमिनीचे तुकडे, भात घरापुरते. घर चालायचे ते मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. म्हणजे इथल्या बाईला गावातल्या कोणा पुढाऱ्याचे मिंधे असण्याचे कारण नव्हते. तिचा अन्नदाता गिरणीत उभा होता. गरिबी होती, पण ती पुढाऱ्याच्या हातातली गरिबी नव्हती. मनीऑर्डरीबरोबर गिरणगावातले विचारही गावाला येत. लाल बावटा, सेवा दल, युनियनच्या सभा हे सारे सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बोलण्यातून ओटीवर उतरायचे.

नाथ पै संसदेत कसे बोलत याच्या आख्यायिका आमच्याकडे घरोघरी आहेत, त्या सोडून देतो. सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेला अधिकार नाही, असा निर्णय दिला. तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक आणले ते आमच्या खासदाराने. ते त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. १९७१ मध्ये चोविसावी घटनादुरुस्ती करून सरकारने तेच काम केले. तोवर नाथ पै गेले होते. बेळगावात १७ जानेवारी १९७१ ला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी ते बोलले आणि त्याच रात्री उलटून गेल्यावर हृदयाने दगा दिला. वय अवघे अठ्ठेचाळीस.

दोनच महिन्यांवर निवडणूक होती. लोकसभा आधीच बरखास्त झाली होती आणि देशभर ‘गरिबी हटाव’चा गजर चालू होता. प्रजा समाजवाद्यांनी उमेदवार दिला तो अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक. मालवणी न बोलणारा, घाटावरचा माणूस! त्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने नेल्या. प्रजा समाजवादी पक्षाला साऱ्या देशात दोन जागा मिळाल्या : एक बंगालमधले कोंताई, दुसरे राजापूर. दोन्ही समुद्राकाठची, हा केवळ योगायोग असेल. पण मला तो आवडतो.

दंडवते पाच वेळा निवडून आले. यात एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. १९७१ ला त्यांची निशाणी झोपडी होती, १९७७ ला नांगरधारी शेतकरी, १९८९ ला नुसते चक्र. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांना दर वेळी नवे चित्र शिकवावे लागे. पक्षाचे नावही बदललेले. तरी शिक्का बरोबर जागी पडत होता. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसने ४३ जागा घेतल्या. उरल्या पाच : त्यांत बारामतीतून शरद पवार आणि राजापुरातून दंडवते.

आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. सुटून आले ते रेल्वेमंत्रीच झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात; १९७४ च्या संपातले बडतर्फ कामगार कामावर परतले ते त्यांच्याच काळात. कोकणचा माणूस मात्र एकच विचारत होता : आमची गाडी कधी? गाडी १९८६ ला रोह्यापर्यंत येऊन थांबली. पुढे १९८९ साली दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग आला, १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि श्रीधरन कामाला लागले.

आणि पुढच्याच वर्षी, १९९१ ला दंडवते पडले. काँग्रेसचे मेजर सुधीर सावंत निवडून आले. राजापूरच्या इतिहासातला काँग्रेसचा हा एकमेव विजय. रेल्वे आणणाऱ्याला पाडले म्हणून आम्हाला कृतघ्न ठरवणारे लेख तेव्हा पुष्कळ आले. मला ते पटले नाहीत. कृतज्ञता ही मतपेटीत टाकायची वस्तू नाही; आणि ज्या गिरणगावावर समाजवाद्यांची ओटीवरची सत्ता उभी होती, ते गिरणगावच १९८२ च्या संपाने उठवून दिले होते. मनीऑर्डर आटली. माझ्या वडिलांसारखे कित्येक जण वेळेआधीच गावी परतले. त्यांच्या मुलांना मुंबईत युनियन दिसली नाही, दिसली ती शिवसेनेची शाखा. नोकरी, रुग्णवाहिका, दहीहंडी, भांडणतंटा, सगळे शाखेत. १९९० मध्ये नारायण राणे मालवणमधून आमदार झाले, तेव्हाच वारे कुठून वाहते आहे ते कळायला हवे होते.

१९९६ ते २००४ अशा चार निवडणुका सुरेश प्रभूंनी धनुष्यबाणावर जिंकल्या. केंद्रात ते ऊर्जामंत्री होते, काम चांगले चालले असताना २००२ मध्ये पक्षाच्या आदेशावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ती सड्यांच्या आतून, डोंगराच्या कडेने जाते. देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना स्टेशन नाही आणि राजापूर रोडवर उतरलेल्याला राजापूर गाठायला आणखी चांगलीच खेप पडते. एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने येताना ही बंदरे आमचा पुढचा दरवाजा होती. रेल्वेने ती घराच्या मागे ढकलली. त्याबद्दल कोणाला दोष द्यावा असे नाही, पण मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की जाणवते.

पुढचा इतिहास ताजा आहे, भरभर सांगतो. राणे २००५ ला सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि २००९ ला नव्या मतदारसंघात त्यांचे चिरंजीव नीलेश यांनी प्रभूंना हरवले. २०१४ ला विनायक राऊतांनी नीलेश यांना सुमारे दीड लाखांनी पाडले, २०१९ ला पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी. प्रभू भाजपमध्ये गेले आणि २०१४ ला हरियाणातून राज्यसभेवर जाऊन रेल्वेमंत्री झाले. म्हणजे राजापूरच्या दोन खासदारांनी रेल्वे भवन पाहिले.

या काळात वाद माणसांचा राहिला नाही, जमिनीचा झाला. जैतापूरचा अणुप्रकल्प, मग नाणारची रिफायनरी, मग बारसू. २०११ च्या एप्रिलमध्ये साखरी नाट्याला गोळीबारात एक जण गेला. २०१९ ला सेना-भाजप युती जुळताना नाणारची रिफायनरी रद्द झाली, म्हणजे एका गावाच्या सड्याने मुंबईतल्या वाटाघाटीत जागा मिळवली. प्रकल्प हवा की नको यावर आमच्या घरातही एकमत नाही. पुण्याला नोकरी करणारा पुतण्या म्हणतो, इथे काम असते तर मी गेलो नसतो. गावातला भाऊ म्हणतो, मग हापूस कुठे लावू? दोघांचेही खरे आहे. नाथ पैंच्या काळी मतदाराला गावातल्या कोणाची धास्ती नव्हती. आता सातबारा हीच धास्ती आहे.

२०२४ ला मतदान ७ मे रोजी झाले, ऐन आंब्यात. चाकरमानी गावात होता. नारायण राणे स्वतः कमळावर उभे राहिले आणि मशाल घेतलेल्या राऊतांचा ४७ हजार ८५८ मतांनी पराभव केला. कमळ या किनाऱ्यावरून लोकसभेत पहिल्यांदाच गेले. पण आकडे सुटे करून पाहिले तर चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत राऊत पुढे होते. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीने राण्यांना तारले. जुन्या राजापूर मतदारसंघात एकत्र मत देणारे लांजा-राजापूर एका बाजूला गेले आणि देवगड-मालवण-वेंगुर्ले दुसऱ्या.